डबा एक, मालक तीन

पिरंगुटला चेकर गाडीत चढले तेव्हा डबा माझ्या सीटखाली होता आणि डब्याचा मालक गाडीत नव्हता.

चेकर म्हणजे वाटेत कुठंही चढून तिकिटं आणि सामान तपासणारे साहेब. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट, आमची सकाळची पौड-पुणे एस.टी. ज्या सामानाबरोबर माणूस नाही ते गाडीत घ्यायचं नाही, असा नियम. मी तेव्हा टेंपररी कंडक्टर. वाईट रिपोर्ट गेला की घरचा रस्ता धरायचा.

डबा पौडच्या सोनाबाईंचा. त्यांच्या मुलाचं, दगडूचं, पुण्याच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी फक्त पातळ खायला सांगितलेलं, आणि दवाखान्यातलं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे बाईंना पुण्याला जाता येईना. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "दादा, एवढा डबा पोचता करा. पोरगं लई वाळलंय." नियम माझ्या ओठांवर आला होता, पण त्यांच्या तोंडाकडं बघून तो गिळला.

मग रोजचंच झालं. ड्रायव्हर शिंदे वेळेचे मोठे पक्के, पण सोनाबाई दिसेपर्यंत त्यांचं इंजिन काही गरम होत नसे. डबल बेल, म्हणजे गाडी सोडायची खूण, मीही जरा उशिरा देई. दवाखाना स्टँडजवळच होता. पुण्यात पोचलो की मी डबा नेऊन देई. गाडीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि उशीर झाला म्हणून कुणी कधी कुरकुरलं नाही.

चेकरसाहेबांनी तिकिटं पाहिली, वाकून डबा बाहेर ओढला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

मी पुढं झालो, तोच पुढच्या बाकावरून पाटील म्हणाले, "माझा." त्याच क्षणी अंडीवाले अमीनभाईही म्हणाले, "माझा हाय, साहेब." आणि मागून माळवं विकायला निघालेली तुळसाबाई, "माझाच की त्यो."

मला वाचवायला तिघं धावली, आणि तिघांनी मिळून मला पुरतं बुडवलं.

साहेब हसले नाहीत. आत काय आहे, असं त्यांनी एकेकाला विचारलं. पाटलांनी झुणका-भाकरी सांगितली. तुळसाबाईनं वांग्याचं कोरड्यास सांगितलं. अमीनभाई शांतपणे म्हणाले, "अंडी. माझ्याकडं दुसरं काय असनार?"

साहेबांनी झाकण काढलं. आत नाचणीची पेज, अजून वाफाळलेली. मग मीच सगळं खरं सांगितलं.

"बेवारस सामान ताब्यात घेणं माझं काम आहे," साहेब म्हणाले. झाकण घट्ट लावून डबा त्यांनी मांडीवर ठेवला आणि पुण्यात उतरल्यावर चालते झाले.

नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो. पण खरं वाईट वाटत होतं ते दगडूचं. स्टँडवर तिकिटांचा हिशेब देऊन मी रिकाम्या हातानं दवाखान्यात गेलो. त्याला काय सांगायचं, तेच जुळवत होतो.

दगडूच्या खाटेशी साहेब बसले होते. टोपी गुडघ्यावर, हातात डबा. तो धुऊन आणून रुमालानं पुसत होते. दगडूच्या ओठाला पेज लागलेली. तो मला म्हणाला, "बरं झालं ह्यांना धाडलं. आज लवकर मिळाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी साहेबांना काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "बेवारस सामानाचा मालक सापडला तर सामान त्याच्या ताब्यात द्यायचं असतं. तोही नियमच आहे. रिपोर्ट मात्र जाणार."

आणि गेलाच. पण त्यात काय लिहिलं होतं कोण जाणे, सक्त ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी सोनाबाईंच्या हातातून डबा घेतला, झाकण उघडून आत नीट पाहिलं, अमीनभाईंनाही दाखवलं आणि मगच मांडीवर ठेवला. त्यानंतर दगडू घरी येईपर्यंत डब्याला रोज एकच मालक असे, पाळीपाळीनं. चांगुलपणा करायचा तर आधी आपसात ठरवून घ्यावा. नाहीतर पेजेची अंडी होतात.