बाबांच्या श्वासाला जोडलेली वायर

आमच्या मराठी मंडळाने बाबांना आरतीतून काढलं, पण 'काढलं' हा शब्द कोणी उच्चारला नाही. "आता त्यांना विश्रांती देऊ या," असं अध्यक्षकाका म्हणाले, आणि बाबांच्या जागी एक ब्लूटूथ स्पीकर आणून ठेवला.

मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. जावा अशी इच्छाही नाही.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन बराकपूरला आले, ते निवृत्तीनंतरही कोलकात्याचेच झाले. माझ्या लहानपणी गणपतीचे सगळे दिवस ते ऑफिसातून आल्याबरोबर कपडे बदलायचे, कापडी पिशवीत झांजा टाकायचे आणि आम्हाला घेऊन लोकलने सियालदहला, तिथून बसने दक्षिण कोलकात्यातल्या मंडळाच्या हॉलवर जायचे. पिशवीतून झांजांचा आवाज आला की डब्यातले लोक वळून बघायचे. बाबांना त्याचं काही नसे, मला मात्र भयंकर लाज वाटायची.

मंडळ म्हणजे सगळा बदलीवर आलेला गोतावळा. बँकवाले, सरकारी कंपन्यांतले साहेब, आता न्यू टाउनमधले आयटीवाले. आरती एकच, पण नागपूरकरांची चाल वेगळी, पुणेकरांची वेगळी, आणि रत्नागिरीकडचं कोणी असलं तर ते ओळीच्या शेवटी अशी ओढ देणार की बाकीच्यांनी तोवर प्रसादाकडे बघावं. दरवर्षी यावरून रुसवेफुगवे. अशा गर्दीत बाबा मधोमध उभे राहायचे. त्यांचा आवाज गोड नव्हता, खणखणीत होता. कोण मागे पडलंय, कोण पुढे पळतंय, हे ऐकत ते शेवटचं अक्षर धरून ठेवायचे आणि सगळे जागेवर आले की झांज हाणून पुढचं कडवं उचलायचे. भांडायला वेळच मिळायचा नाही.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशनही नीट झालं, पण एक स्वरतंतू कायमचा निकामी झाला. राहिली ती फक्त कुजबुज. फोनवर त्यांना कोणी ओळखेना. भाजीवाल्याशी घासाघीस करणं त्यांनी सोडून दिलं, आणि ही फार मोठी गोष्ट होती.

त्या वर्षी गणपतीत स्पीकरवर आरती लागली. मागे बासरी, पुढे कोरस, सगळं गुळगुळीत. लोक हात जोडून उभे. काहींचे ओठ हलत होते, बरेचसे मोबाइलवर शूटिंग करत होते, आणि पोरं तर, पूर्वी निदान रोमन लिपीत छापलेला कागद बघून तरी म्हणायची, ती नुसती इकडेतिकडे बघत होती. बाबा मागच्या रांगेत होते. झांजा त्यांनी पिशवीतून काढल्याच नाहीत. घरी परतताना बायपासवर गाडी अडकली होती, दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यापर्यंत आलेले. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मागच्या रांगेतल्या आजींचं कडवं संपलंसुद्धा नव्हतं, आणि त्या स्पीकरनं पुढचं सुरू केलं."

मी काय करते ते सांगायला हवं. नोकरी न्यू टाउनमध्ये सॉफ्टवेअर तपासण्याची, आणि तिथलं डोकं हलकं करायला घरी संगीत बनवण्याचं सॉफ्टवेअर. आईच्या भाषेत 'तुझं ते टुंई-टुंई'. त्या सॉफ्टवेअरमध्ये मला सगळ्यात जास्त आवडतं ते कंट्रोल व्होल्टेज. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. जुन्या काळी यंत्रं खरोखरीच्या विजेच्या दाबाने एकमेकांची बटणं फिरवायची. आता सगळं पडद्यावर असतं, वीजही खोटी आणि वायरीही चित्रातल्या, पण नाव तेच राहिलं. या वायरीतून आवाज जात नाही, जातो तो फक्त हुकूम. थोडं उघड, अजून उघड, आता बंद कर. वायरीचं एक टोक कुठे लावायचं आणि दुसरं कुठे, ते आपण ठरवायचं.

ऑफिसातल्या एकाला मी बाबांचं सांगितलं, तर तो उत्साहाने म्हणाला, जुने व्हिडिओ दे, एआयने त्यांचा आवाज हुबेहूब बनवून देतो. त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी नुसतं "बघते" म्हटलं. घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी मान हलवली. "ते मी मागे गायलो होतो," ते कुजबुजले. "आता काय करायचं ते सांग."

आता काय करायचं ते मला त्या क्षणी सुचलं. कुजबुज असली तरी श्वास त्यांचाच होता. कुठे जोर द्यायचा, कुठे थांबायचं, कुठे अक्षर धरून ठेवायचं, हे सगळं त्या श्वासात शाबूत होतं. मग तोच हुकूम का नाही होणार?

एका रविवारी सकाळी दिवाणखान्यात मी पसारा मांडला. लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या कीबोर्डवर मी पेटी वाजवायची. तो सूर एका फिल्टरमधून जायचा. फिल्टर म्हणजे आवाजापुढचा दरवाजा समजा. पूर्ण लावला की काहीच ऐकू येत नाही, किलकिला केला की शेजारच्या खोलीत पेटी वाजतेय असं वाटतं, सताड उघडला की पेटी समोर येते. हा दरवाजा मी लावून टाकला आणि त्याची कडी बाबांच्या हाती दिली. माइकमध्ये ते जितक्या जोराने कुजबुजतील तितकं व्होल्टेज चढेल, आणि तितका दरवाजा उघडेल. मी कितीही बटणं बडवली तरी बाबा गप्प असतील तर पेटी मुकी.

बाबांनी पहिली ओळ कुजबुजली आणि पेटी श्वास घेतल्यासारखी वर आली. ते थांबले, ती थांबली. त्यांनी शेवटचं अक्षर ताणलं, तीही ताणली गेली, आणि त्यांचा दम संपला तशी हळूहळू विझली. आई स्वयंपाकघरातून डोकावली. "हे काय, पेटीला दमा झालाय का?" बाबा इतके हसले की हसण्याच्या श्वासानेसुद्धा पेटी वाजली, मग आम्हीही हसत सुटलो. ऑपरेशननंतर आमच्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी गणपतीआधीच्या बैठकीत आम्ही ते सगळं हॉलवर घेऊन गेलो आणि सपशेल तोंडावर पडलो. दिवाणखान्यात बाबा हात बांधून बसले होते. हॉलमध्ये मूर्तीच्या रिकाम्या चौरंगासमोर उभे राहिल्यावर त्यांनी सवयीने झांजा काढल्या. पहिला ठोका पडला, माइकने तो उचलला, व्होल्टेज टोकाला गेलं आणि पेटी अशी भुंकली की पुढच्या रांगेतल्या काकू कानांवर हात ठेवून उठल्या. प्रत्येक ठोक्याला तेच. बाबांची कुजबुज त्यात कुठल्या कुठे गेली. कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षकाका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, घरी ठीक आहे हे. इथे चार लोक येतात. रेकॉर्डिंग काय वाईट आहे?"

घरी येईपर्यंत बाबा झांजांची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते. आई बोलली. "कशाला हा अपमान ओढवून घेतलास? त्यांचा आणि तुझाही?" दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगून टाकलं की यंदा ते गणपतीत जाणार नाहीत, पाय दुखतात. त्यांचे पाय माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. तेव्हा मला कळलं की आता प्रश्न नुसत्या आरतीचा राहिला नाही. हा माणूस घरात बसायला लागला तर बसूनच राहील.

"झांजा दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ या," मी म्हटलं.

"मग आरती म्हणताना मी हातांचं काय करू?"

"जोडून उभे राहा. सगळे राहतात."

"झांजेशिवाय मला कडवं उचलता येत नाही," ते म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

मी चिडले, दारं आपटली. मग माझ्या लक्षात आलं की मीही अध्यक्षकाकांसारखंच बोलतेय. यंत्राला अडचण होते, तर माणसाने गप्प उभं राहावं! बाबा चुकले नव्हते, माझी वायर चुकली होती.

कंट्रोल व्होल्टेज उलटं करता येतं. जे वर जातं ते खाली जाईल अशी एक सोय असते. मी बाबांच्या गालाशी बसेल असा छोटा माइक आणला, आणि झांजांसाठी छातीशी दुसरा. गालाचा माइक दरवाजा उघडणार. छातीच्या माइकचं व्होल्टेज उलटं करून त्याच दरवाज्याला जोडलं, म्हणजे झांज वाजली की तो तितकाच लोटला जाईल. एकातून दुसरं वजा. मला एवढंच हवं होतं की भुंकणं थांबावं.

पण झालं काही वेगळंच. झांज पडली की पेटी क्षणभर मागे सरायची, आणि ठोक्याची धार ओसरल्यावर बाबांच्या श्वासाबरोबर पुन्हा पुढे यायची. पेटीला झांजेची अडचण होत नव्हती, ती झांजेला वाट करून देत होती. रेकॉर्डिंगमध्ये असलं काही ऐकलं नव्हतं मी. बाबांनी तीन कडवी सलग म्हटली, झांजा खाली ठेवल्या आणि विचारलं, "गणपती कधी आहेत?" त्यांना तारीख तोंडपाठ होती. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात आईने चहा आणला.

अध्यक्षकाकांनी एक संध्याकाळ दिली, तीही उपकार केल्यासारखी. "स्पीकर तयार ठेवतो हं, काही झालं तर लगेच लावू." ठेवा, म्हटलं.

त्या संध्याकाळी बाबा चौरंगासमोर उभे राहिले. कोणाला काही ऐकू येईना, कारण कुजबुज ती किती जाणार! मग पेटी आली, आणि झांज. लोक वाट बघत राहिले, त्यांना आयत्या गाण्याची सवय झालेली. यात शब्द कोणीच म्हणत नव्हतं. बाबा म्हणत होते, पण ते फक्त पेटीला कळत होतं. पहिली ओळ तशीच गेली. अध्यक्षकाकांचा हात स्पीकरकडे गेलेला मी पाहिला. बाबांनी पाहिलं की नाही कोण जाणे. त्यांनी पहिलीच ओळ पुन्हा घेतली, झांज जरा जोराने हाणली.

मागच्या आजींनी सुरुवात केली. किनरा, थरथरता आवाज. मग नागपूरकर काकांनी आपल्या चालीत उचललं, ते सहन न होऊन पुणेकरांनी आपल्या. शब्द शोधायला पोरं एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकी घालायला लागली. सगळं बेसूर, सगळं मागेपुढे. पहिल्या कडव्याच्या शेवटी आजी मागे राहिल्या. बाबांनी अक्षर धरून ठेवलं, पेटी उघडी राहिली, आणि अख्खा हॉल त्या एका अक्षरावर आजींसाठी थांबला. मग झांज, आणि पुढचं कडवं. मी बटणांवरची बोटं न बघता बाबांच्या ओठांकडे बघत वाजवत होते. ते दिसायला अगदी पूर्वीसारखे गात होते.

प्रसाद वाटून झाल्यावर अध्यक्षकाका माझ्याकडे आले. खूष होते, ते मान्य करायला हवं. मी वायरी गुंडाळत होते.

"छान झालं गं. मला त्याची फाइल पाठवून दे. रोज हीच लावू, पुढच्या वर्षीही कामाला येईल."

"फाइल पाठवते, काका. पण त्यातून आवाज येणार नाही."

"म्हणजे?"

"त्यात गाणं नाहीच. बाबा समोर उभे असतील तरच ते वाजतं. रोज हवं असेल तर रोज त्यांना बोलवावं लागेल."

ते जरा गोंधळले. बाबा पलीकडे उभे राहून आजींशी बोलत होते, आजी कानाला हात लावून ऐकत होत्या. काकांनी तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, पण त्यांचं वय झालंय. उद्या ते नसले तर काय करायचं आम्ही?"

"गायचं," मी म्हटलं.