डुकरांचा बंदोबस्त सांगा

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. माझे वडील चामोर्शीच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे. वनजमिनीच्या पट्ट्यांची, दारूबंदीची, भोंदू बाबांविरुद्धची. उरलेला गठ्ठा घरी यायचा, त्याच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायची आणि पाढे संपले की कागद उलटून वाचत बसायची. पत्रकात कुणी कुणाला काही विचारत नाही. सगळी उत्तरंच असतात, तीही उद्गारचिन्हं लावून.

म्हणून मोबाईलवरच्या त्या शेतकऱ्यांच्या गटाचं मला इतकं वेड लागलं असावं. तिथे नुसते प्रश्न. विंचू चावला, काय लावू? गाय वासराले पाजत नाही, काय करू? मेलेला भाऊ सपनात येऊन पाणी मागते, कोणाले असं झालं का? शेजाऱ्याला विचारायची लाज वाटते ते माणसं हजारो अनोळखी लोकांना विचारत होती. मी तेव्हा गावापासून दूर, ऊर्जानगरजवळ खोली घेऊन वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. जेवताना, बसची वाट पाहताना, सकाळी उठल्या उठल्या मी तो गट वाचायची.

मोहफुलं पडायच्या दिवसांत तिथे एक प्रश्न आला. विचारणाऱ्याने नाव लपवलं होतं.

"डुक्कर उन्हाळी धान नासवून राह्यले. बंदोबस्त सांगा."

खाली उखडलेल्या बांधीचा, धानाच्या खाचराचा, फोटो. धान आडवं, चिखलात तुडवलेलं, कुणी घरात शिरून पोरांना मारून जावं तसं. पाहून मलाही राग आला. रानडुक्कर पीक खातं त्यापेक्षा जास्त लोळवतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

उत्तरं भराभर आली.

"न्हाव्याच्या दुकानातले केस टाका बांधावर."

"बायकोच्या जुन्या साड्या बांधा."

"साड्या काऊन, बायकोलेच बसवा. डुक्कर तं डुक्कर, वाघ नाई येत."

"माह्या सासऱ्याले पाठवतो. रात्रभर खोकलते."

मी हसत होते. मग वाघाचा फोटो लावलेल्या एकाने लिहिलं, "करंट सोडा. एका झटक्यात साफ. वरून मटन." त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

माझं हसू गेलं. आमच्या गावात अशाच तारेला चिकटून एक माणूस मेला होता. रात्री पिकाच्या जागलीवरून घरी येत होता. सकाळी सापडला तेव्हा त्याच्या छातीवर तारेची काळी रेघ होती आणि दातांत जीभ तुटून अडकली होती. त्यानंतर ग्रामसभेत हात वर करून ठरलं की आपल्या शिवारात कुणी करंट सोडायचा नाही. वडिलांनी त्याचंही पत्रक काढलं. ते मला पाठ होतं. मी तेच लिहिलं, लांबलचक. करंट डुक्कर आणि माणूस ओळखत नाही. नुकसानभरपाई मागा, पंचनाम्यासाठी वनखात्याच्या दारात बसा, एकटं लढू नका.

"आलं पत्रक," एकाने लिहिलं.

"मॅडम, बांधीत उतरून पाहा एकदा. मंग शिकवा."

वाघवाल्याने लिहिलं, "असल्या बाईलेच तारेले बांधा पहिले." त्यालाही अंगठे मिळाले.

  तो समोर असता तर मी त्याच्या तोंडावर दगड घातला असता, आणि हे मी आज शांत डोक्याने लिहिते आहे. ज्याने प्रश्न विचारला त्याने मात्र सगळ्यांना हात जोडल्याची चित्रं टाकली. "धन्यवाद भाऊ लोक. करून पाहतो."

दोन-चार दिवसांनी, पहाटे जाग आली तेव्हा त्याच प्रश्नाखाली आदल्या संध्याकाळी टाकलेला नवा फोटो दिसला. बांबूच्या खुंट्या, करंट जमिनीत उतरू नये म्हणून खुंट्यांवर बांधलेल्या रिकाम्या बाटल्या, बाटल्यांवरून गेलेली तार. खाली लिहिलं होतं, "आज रातीच्याले पाहतो." मी फोटो मोठा केला. तारेमागे, कोपऱ्यात, एक मोहाचं झाड होतं. वीज पडून त्याचा बुंधा मधोमध फाटला होता आणि फटीत पिंपळ उगवला होता.

ते आमचं झाड होतं.

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कुणाचं कोणतं हे लहान पोरालाही माहीत असतं. फुलं पहाटे पडतात, उशीर केला तर हरणं आणि गुरं खाऊन टाकतात. म्हणून उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन एकामागे एक त्या बांधावरून जातात. त्यांत माझी आई होती. ती आत्ता, मी फोटो पाहत होते त्या घटकेला, निघत असणार.

आईचा फोन वाजत राहिला. मोहाला जाताना ती तो चुलीजवळच्या फळीवर ठेवून जाते.

त्या झाडाला लागून असलेली बांधी शेजारच्या काकाची. ज्याने मला सायकल शिकवली तो काका. ग्रामसभेत त्याचाही हात वर होता. गावात विचारलं असतं तर गावाने अडवलं असतं, म्हणून त्याने नाव झाकून जगाला विचारलं. मी त्याला फोन लावला. तो मचाणावर जागाच होता.

"काका, तार काढा!"

"कोन्ती तार, बाई?"

"फोटोतली! आमचा मोह दिसते त्याच्यात. बाया येऊन राह्यल्या!"

 तो हलक्या आवाजात म्हणाला, "वरडू नोको. कोणी येत नाई. वाटेवर पळसाची डहाळी आडवी टाकलो मी."

ही आमच्याकडची जुनी खूण. वाटेवर हिरवी डहाळी आडवी पडली असेल तर ती वाट बंद. पण डहाळी टाकणाऱ्याने संध्याकाळी गावात दवंडीही द्यायची असते. दवंडी दिली असती तर गुपित फुटलं असतं. त्याने निम्मी रीत पाळली होती.

"तुमची डहाळी घाला चुलीत! पहिले तार काढा!"

"सकाळ झाली का काढतो, सांगतो ना तुले..."

मग मला फोनमधून एक आवाज ऐकू आला. बाईचा होता पण त्यात शब्द नव्हता. तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचर, आणि तिच्यावरून बायांचा कालवा. काकाच्या हातून फोन पडला. मी माझ्या खोलीत उभी राहून त्या पडलेल्या फोनला शिव्या देत होते, आईला हाका मारत होते. पलीकडून कुणी बोललं नाही. मग फोन बंद झाला.

मूल गावावरून चामोर्शीला जाणाऱ्या बसमध्ये मी बसले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की एक बाई तारेला लागली. कोण, ते नाही. चामोर्शी यायच्या आधी आईचा फोन आला.

"मी हावो," ती म्हणाली. "तुही काकी लागली तारेले."

काकी, म्हणजे काकाची बायको. स्वतःच्या बांधावरची वाट तिला पाठ, म्हणून ती सगळ्यांत पुढे होती. त्याने गटाला विचारलं, वाघवाल्याला विचारलं, घरात झोपलेल्या बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि डहाळी? ती माझ्या आईच्या हातात होती. मोहाखालचा पाचोळा झाडायला बाया पळसाचीच डहाळी तोडतात. अंधारात वाटेवर पडलेली पाहून आईला वाटलं, काल कुणाची तरी झाडणी पडून राहिली. तिने उचलली आणि काकीच्या मागे चालू लागली.

"पायाची पिंडरी लागली तिची," आईने मला नंतर सांगितलं. "पडली तं हातानं तारच धरली. मी तेच डहाळी घेऊन तिच्या हातावर मारली, मारली. सुटेच ना. माह्याबी खांद्यापर्यंत झणका आला. मंग तो वरून उडी मारून पळाला, बंद केला."

मी गावात पोचले तेव्हा काका समाजमंदिराच्या भिंतीला टेकून बसला होता. गावाने त्याला तुडवलं होतं. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, सदऱ्यावर रक्त वाळलेलं. पोलिसांची गाडी यायची होती. माणसं अजून येऊन जाऊन लाथ घालत होती आणि त्यांतल्या दोघांच्या घरी अशाच बाटल्या लपवलेल्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मी मध्ये उभी राहिले. दयेने नव्हे. इतक्या सोप्या न्यायाची मला किळस आली.

"हट, पत्रकवाल्याची पोरगी," एकजण म्हणाला. "तुह्या मायले लागलं असतं तं?"

"तं पहिली लाथ मीच मारली असती," मी म्हणाले. "आता तुमी घरी जा, आपापल्या बाटल्या फोडा पहिले."

कुणी हसलं नाही. कुणी गेलंही नाही, पण लाथा थांबल्या.

गडचिरोलीच्या दवाखान्यात काकीच्या उजव्या हाताची बोटं काढावी लागली. अंगठा राहिला. तिला भेटायला गेले तेव्हा तिने आधी मोहाचं विचारलं, वाळत घातलेली फुलं कुणी उचलली का. मग म्हणाली, "तुह्या त्या मोबाईलात पुसलं होतं म्हणते त्यानं. त्यायले सांग, काय झालं ते."

मी तिच्या खाटेशी बसूनच लिहिलं. पत्रक नाही लिहिलं. डहाळी, तार, हात, एवढंच. गटात पाठवलं.  अश्रूंची चित्रं आली, हात जोडलेली आली. आणि वाघवाला आला. त्याने एकच ओळ लिहिली होती.

"काय लिहिलं? वाच," काकी म्हणाली.

मला वाचवेना. तिने पट्टी बांधलेल्या हाताने मला ढोसलं आणि दुखण्याने तोंड वाकडं केलं. मी वाचलं.

"मंग डुक्कर मेलं का?"

काकी छताकडे पाहत राहिली. आमच्या गावात अनोळखी माणूस दारात आला तर पाणी देण्याआधी जे विचारतात, तेच ती म्हणाली.

"त्याले पूस, कोन्या गावचा हाय म्हणा."

मी विचारलं. त्याने ते वाचलं असावं. मग वाघाचा फोटो गेला, त्या जागी राखाडी गोल राहिला आणि त्याची सगळी उत्तरं एकेक करून पुसली गेली. 'करंट सोडा'सुद्धा. खाली काकाचे हात जोडलेले तेवढे राहिले.