शेवटून चालणारी गाथोनी

"तुमच्या चेहऱ्यांपेक्षा मला तुमच्या पाठीच जास्त ओळखीच्या आहेत," असं गाथोनी एकदा म्हणाली होती.

तेव्हा सगळे हसले होते. न्याकिओही हसली होती. थिकातल्या त्यांच्या डोंगर-मंडळात एकोणीस माणसं, आणि गेली अकरा वर्षं गाथोनी त्या सगळ्यांच्या मागून चालत आलेली. दमल्यावर कोणाचा डावा खांदा पडतो, कोणाच्या पिशवीचा पट्टा कुठे काचतो, रडू आलं की कोण मान वर करून झाडं बघितल्याचं सोंग करतं, हे सगळं तिला मागून दिसायचं. ती कोणाला बोलून दाखवायची नाही. फक्त चालता चालता पुढच्याच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून स्वतःच्या पिशवीत टाकायची. ज्याची बाटली असायची त्याला बऱ्याच वेळाने कळायचं की ओझं हलकं झालंय.

बाजारात तिचा जुन्या बुटांचा ठेला होता. परदेशातून गाठोड्यांनी येणारे बूट ती उलटे करून त्यांचे तळ न्याहाळायची. कुठे झिजलाय त्यावरून आधीचा माणूस कसा चालत होता ते सांगायची. मंडळातल्या प्रत्येकाच्या पायातला जोड तिच्याच हातून गेलेला. न्याकिओ पोस्टात कारकून होती, पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा ठेल्यावर आली, तेव्हा गाथोनीने तिला दुकानाच्या फळीपासून रस्त्यापर्यंत दोनदा चालायला लावलं आणि एक तपकिरी जोड पुढे केला.

"हा कुण्या फेंगड्या बाईचा होता. तूही फेंगडीच चालतेस. घे, बसेल."

"मी फेंगडी?"

"नवऱ्याने सांगितलं नाही अजून? भला माणूस दिसतोय."

तो जोड बसला. तेव्हापासून दोघींची मैत्री. वयात चौदा वर्षांचं अंतर, पण एकमेकींना नावाने हाक मारायच्या. बाकीची पोरं गाथोनीला शोशो म्हणायची, म्हणजे आजी.

गाथोनीचा जन्म किरिन्यागा डोंगराच्या पायथ्याचा. तिचा बाप पहाटे शेळ्यांना हात लावायच्या आधी अंगणात उभा राहायचा आणि त्या पांढऱ्या डोंगराकडे दोन्ही हात उंच करायचा. वर तो कधी गेला नाही. जायची जागा नव्हे ती, म्हणायचा. पोरीला मात्र लहानपणापासून एकच वाटे, की हात पसरून ज्याच्याशी बोलायचं त्याच्या जवळ एकदा तरी जावं. चाळीस वर्षांची झाल्यावर तिने चढायला सुरुवात केली. चार वेळा ती वरच्या दगडी झोपडीपर्यंत पोचली. तिथून शिखर चार तासांवर. आणि चारही वेळा तिथून खाली आली, कारण दर वेळी कोणीतरी आजारी पडलं, आणि मंडळाची रीत अशी की परत फिरणाऱ्याला शेवटून चालणाऱ्याने खाली आणायचं.

चौथ्या वेळी ते कोणीतरी न्याकिओ होती. झोपडीच्या भिंतीला टेकून ती ओकत होती, डोकं फुटायच्या बेताला आलेलं. गाथोनीने वाकून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. "चल. डोंगर काही पळून जात नाही." उतरताना न्याकिओने तीनदा माफी मागितली. तिसऱ्या वेळी गाथोनी म्हणाली, "आता गप्प बसलीस तर चालायला दम उरेल."

डोंगर पळून गेला नाही, पण गाथोनीचे गुडघे गेले. एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, यंदा एकदा काय ते चढून घ्या, मग सपाटीवरच. म्हणून या वर्षी मंडळाने ठरवलं, की किरिन्यागावर शोशो मध्ये चालणार आणि शेवटून मुनेने नावाचा पोरगा चालणार. मुनेने गॅरेजमध्ये काम करायचा. अठ्ठावीस वर्षांचा, दणकट. किरिन्यागावर कोणी आजारी पडलं तर तो खाली आणणार. शोशो वर जाणार, काही झालं तरी.

त्याच्या आधी सराव म्हणून जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी सगळे न्जाबिनीच्या हत्तीडोंगरावर गेले. किरिन्यागाच्या आधी हा डोंगर चढायचाच. दुपारी बाराच्या आत जो माथ्यावर पोचेल तोच पुढे जाणार, हा नियमही गाथोनीनेच कधीतरी घातलेला.

पायथ्याशी जंगलखात्याचं विजेच्या तारांचं कुंपण आहे, हत्ती शेतांत उतरू नयेत म्हणून. त्यात एक फाटक. बंदूकवाला वनरक्षक फाटक उघडतो, माणसं आत जातात, संध्याकाळी परत येतात. परतताना रीत अशी की शेवटचं माणूस बाहेर आलं की गाथोनी ओरडायची, "मी शेवटची! लावा!" मग साखळी पडायची. अकरा वर्षांत कोणी माणसं मोजली नाहीत. मोजायची गरजच पडली नाही.

मंडळाचा म्होरक्या किरागू, शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. फाटकाशी तो गाथोनीला म्हणाला, "शोशो, आज तू मध्ये. मागे वळून बघितलंस तर दंड."

"मागे बघू नको, तर पुढे काय बघू? मास्तरांचं ढुंगण?"

"बघ की, फुकट आहे."

"फुकटातलं मी घेत नाही. माल तपासून घेते."

सगळी बांबूची वाट या हसण्यावर निघाली. ओल्या बांबूंतून, चिखलातून, हत्तींच्या ताज्या लिदीला वळसा घालून. गाथोनी मध्ये चालत होती, आणि न्याकिओ तिच्या मागे. पहिल्यांदाच न्याकिओला तिची पाठ दिसत होती. लहानशी होती. स्वेटरच्या आत हाडं दिसावीत इतकी. गाथोनीला चालताना सारखी मान वळवायची सवय, ती मध्येच वळे आणि मग आठवण होऊन पुन्हा समोर बघे. एकदा न्याकिओ म्हणाली, "दंड." गाथोनी म्हणाली, "मान आखडलीये गं, त्याचा व्यायाम करतेय."

बाराला वीस मिनिटं असताना ती माथ्यावर पोचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उकडलेले अळूचे कंद, अंडी, थर्मासमधला दुधाचा चहा. ढगांत फट पडली आणि दूर पूर्वेला किरिन्यागाचा दगडी सुळका दिसला. गाथोनी हातात अर्धं सोललेलं अंडं धरून उभी राहिली. ते खायचं ती विसरली.

"तीन आठवडे," न्याकिओ म्हणाली.

"एकवीस दिवस," गाथोनी म्हणाली.

उतरताना गारा आल्या. बोराएवढ्या, तिरक्या, बांबूची पानं फाडत. सगळ्यांनी पावसाळी कोटांच्या टोप्या नाकापर्यंत ओढल्या आणि घाई केली. न्याकिओ लघवीला म्हणून बाजूला बांबूत शिरली. बाहेर येत होती तेव्हा वरून मुनेनेची हाक आली. "ए पुढच्या! वैरुरीचा पाय मुरगळलाय! आम्हाला अर्धा तास लागेल! फाटक लावू नका म्हणावं!" वैरुरी म्हणजे बँकेतली पोरगी, तिची ही दुसरीच चढण. न्याकिओने हात वर केला. ऐकलं, या अर्थाने. मग धावत निघाली आणि फाटकाच्या अलीकडे गाथोनीला गाठलं.

गाथोनीचे ओठ पांढरे पडले होते. गुडघा धरून ती एकेक पाऊल टाकत होती. न्याकिओने तिची पिशवी घेतली. गाथोनीने तिच्या टोपीवर चिकटलेलं बांबूचं पान काढून टाकलं. "कुठे होतीस?"

"मागे. मुतायला."

दोघी फाटकातून बाहेर आल्या. वनरक्षक साखळी हातात घेऊन उभा होता, मान खांद्यांत घालून. त्याने गाथोनीकडे बघितलं. आणि गाथोनीच्या तोंडून निघून गेलं, शिंक निघून जावी तसं: "मी शेवटची! लावा!"

साखळी पडली.

न्याकिओने तोंड उघडलं होतं. तिने नंतर त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं, आणि दर वेळी तिथे तिला काही सापडलं नाही. तिने विचार केला नव्हता, की ते दुसऱ्या वाटेने आले असतील. गाथोनीला माहीत असेल, असाही विचार केला नव्हता. गारा लागत होत्या. साखळी पडली, आणि तिने तोंड मिटलं.

गाड्या दोन. या गाडीतल्यांना वाटलं मुनेने त्या गाडीत, त्या गाडीतल्यांना वाटलं या गाडीत. गावातल्या चहाच्या दुकानात पाऊण तास गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "मुनेने कुठाय?"

फाटकाशी परत पोचले तेव्हा मुनेने कुंपणाच्या आत चिखलात बसला होता, मनगट मांडीवर धरून. हत्तींचा आवाज जवळून आला म्हणून त्याने कुंपणावरून जायचा प्रयत्न केला होता. झटका बसून फेकला गेला. वैरुरी त्याला बिलगून थरथरत होती. कोणी काही विचारलं तर उत्तर देत नव्हती.

बुधवारी शाळा सुटल्यावर मास्तरांच्या विज्ञानाच्या वर्गात सगळे जमले. फळ्यावर बेडकाचं पोट उघडून काढलेलं होतं, आतड्यांपासून बाणांनी नावं लिहिलेली. मुनेनेचा हात प्लास्टरमध्ये. त्याचं किरिन्यागा संपलंच होतं.

"शोशो," मास्तर म्हणाले, "शेवटची आहे असं तू म्हणालीस?"

"म्हणाले."

"मुनेने मागे आहे हे माहीत नव्हतं?"

"मुनेने मागे असणार हे माहीत होतं. तोंडून गेलं."

"अकरा वर्षांचं तोंड आहे मास्तर," मुनेने म्हणाला. "माझा राग नाही. गॅरेजला सुट्टी मिळाली, आईच्या हातचं खातोय." कोणी हसलं नाही. तो पुढे म्हणाला, "आणि मी निरोप दिला होता. बांबूत कोणीतरी होतं. कोट घातलेलं, टोपी ओढलेली. हात वर केला. मला वाटलं निरोप पोचला."

मास्तर ताठ झाले. "कोण होतं?"

त्यांनी एकेका बाकावरून नजर फिरवली.

"हे बघा," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गावर बोलावं तसा झाला नाही, विनवणीचा झाला. "निरोप निघाला असेल आणि मध्ये कोणाकडे अडला असेल, तर शोशोचा दोष उरत नाही. ती मध्ये चालत होती. मागचं सांगायचं काम ज्याने ऐकलं त्याचं. त्या माणसाने आता बोलावं. तो किरिन्यागावर येणार नाही, एवढंच. दुसरं काही नाही. पण कोणीच बोललं नाही, तर वैरुरीच्या घरच्यांना मला सांगावं लागेल की फाटक कोणाच्या शब्दावर लागलं. आणि शोशोला घेऊन मी डोंगरावर जाऊ शकणार नाही. माझ्यामागे सतरा माणसं आहेत."

 न्याकिओने दगडी झोपडीची भिंत बघितली होती, शिखर नाही. यंदा रजा मंजूर झाली होती. पोस्टातल्या बायकांनी तिच्यासाठी लोकरीची टोपी विणली होती. किती क्षुल्लक होतं हे सगळं, आणि तरी तिच्या जिभेवर तेच बसलं होतं, भिजलेल्या कपड्यासारखं जड.

गाथोनी मागच्या बाकावर होती. तिने मान वळवली आणि न्याकिओकडे बघितलं.

त्या बघण्यात राग नव्हता. तिला माहीत होतं. तिनेच टोपीवरचं ते पान काढलं होतं, तिनेच विचारलं होतं कुठे होतीस. एक वाक्य बोलली असती तर संपलं असतं. ती बोलली नाही. फक्त वाट पाहत राहिली, वरच्या चढावर कोणी मागे पडलं की थांबायची तशी, घाई न करता.

न्याकिओने फळ्याकडे बघितलं. यकृत. पित्ताशय. लहान आतडं. अक्षरं मुलाच्या हातची होती, एका शब्दाची वेलांटी चुकलेली.

"कोणी नाही?" मास्तरांनी विचारलं.

कोणी नाही.

"मग माझा नाइलाज आहे, शोशो," ते म्हणाले आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत बसले. पुढच्या बाकावर वैरुरी हुंदके देऊन रडायला लागली. मुनेने तिला म्हणाला, "आता तू कशाला रडतेस?" आणि त्याचाही आवाज फुटला.

गाथोनीने बाकाची कड धरून आधी एक गुडघा सरळ केला, मग दुसरा. शाल खांद्यावर घेतली. बाकांमधली वाट अरुंद होती, म्हणून न्याकिओच्या मागून जाताना तिचा हात न्याकिओच्या खांद्यावर टेकला. आधारासाठी टेकला की आणखी कशासाठी, ते कळायच्या आत उचलला गेला. न्याकिओच्या तोंडून "गाथोनी" एवढंच निघालं, तेही ऐकू जाईल इतकं नाही.

दार ढकलून गाथोनी व्हरांड्यातल्या उन्हात गेली आणि पायऱ्या उतरायला लागली.