गच्चीवरून आलेलं चित्र

"कॉम्प्युटरला काय, बटण दाबलं की दिसतं," असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं तापतं. दिसतं म्हणे! आमच्या मुलींच्या शाळेत तो आला, तेव्हा त्याला दाखवायला काही नव्हतंच.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं अमेरिकेहून ते यंत्र पाठवलं होतं, खास मुलींसाठी म्हणून. टाइपरायटरसारखी बटणं असलेली एक जाड पेटी, ती आपल्याकडच्या विजेवर चालावी म्हणून एक ट्रान्सफॉर्मर आणि एक माहितीपुस्तिका. पडदा नाही. पडद्याऐवजी घरचा टीव्ही जोडावा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. तिकडे घरोघरी टीव्ही असतीलही. सोलापुरात अजून टीव्हीचं केंद्रसुद्धा आलं नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, "बाई, आठवडाभरात यावर चित्र दाखवा, यंत्र तुमच्याकडे राहील. नाहीतर आपल्या मुलांच्या कॉलेजात देऊ. तिथे प्रोफेसर मंडळी आहेत." मुलींना आलेली वस्तू, आणि ती मुलींकडे राहावी म्हणून परीक्षा द्यायची आम्ही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वस्तू हातची जाऊ द्यायची नव्हती, म्हणून हो म्हणाले.

आमच्या माहितीत टीव्ही एकच, सात रस्ता चौकाजवळच्या सेक्रेटरींच्या बंगल्यात. हवा चांगली असली की संध्याकाळी त्यावर पुणं लागायचं. लागायचं म्हणजे, मुंग्यांच्या गर्दीतून कुणाचं तरी डोकं दिसायचं. तेवढं बघायलाही लोक चहाच्या निमित्तानं जायचे. तो टीव्ही एका संध्याकाळपुरता शाळेत आणायला ते कबूल झाले, हे उपकारच म्हणायचे. पण टीव्हीमागोमाग अँटेना आली, तिचा लांबलचक पाइप आला आणि रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्रीही आला.

"अँटेना कशाला?" मी विचारलं. "चित्र पुण्याहून यायचंच नाहीये. ते या पेटीतून येणार. अँटेनाची वायर सोडायची आणि तिथे या पेटीची जोडायची, बस."

सेक्रेटरी हसले. "बाई, अँटेनाशिवाय टीव्हीवर चित्र आलेलं कधी पाहिलंत?"

मी पुस्तिका उघडून आकृती दाखवली. त्यांनी ती आडवी धरली, उभी धरली आणि मिस्त्रीकडे दिली. मिस्त्रीनं ती घडी करून खिशात घातली.

"सात वाजल्याबिगर काय दिसत न्हाय, बाई," तो म्हणाला. "पुणं चालू व्हायला पायजे की."

टेबलावरच्या यंत्रातून चित्र काढायचं, आणि त्यासाठी पुण्याची वाट बघायची! दहावीच्या मुली सतरंजीवर ताटकळत होत्या. सात वाजले तशी सगळी पुरुष मंडळी गच्चीवर चढली. सेक्रेटरी, हेडमास्तर, मिस्त्री, कुणीच मागे राहिलं नाही. आमचे कारकून तेवढे निरोप पोचवायला जिन्यात उभे. वरून अँटेना फिरायची आणि आवाज यायचा, "दिसलं का?" कारकून आत डोकावून ओरडायचे, "न्हाय, साहेब!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी प्रयोगशाळेतला स्क्रू ड्रायव्हर आणला, टीव्हीच्या मागची अँटेनाची चपटी वायर सोडली आणि तिथे आमच्या पेटीची जोडली. पुस्तिका गच्चीवर असली तरी आकृती माझ्या डोक्यात होती. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी मी बटणांपाशी बसवली आणि टीव्हीचं चॅनेलचं बटण हळूहळू फिरवत राहिले. मुंग्या गेल्या. अक्षरं आली, पण ती सारखी वर वर पळू लागली. मागचं एक छोटं बटण पिळलं, तशी ती जागच्या जागी उभी राहिली. त्या मुलीनं बारा गुणिले बारा असं टाइप केलं. खाली लख्ख उमटलं, एकशे चव्वेचाळीस. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मुलींनी एकच गलका केला, "आलं! आलं!"

त्याबरोबर जिन्यातून कारकून गरजले, "दिसलं, साहेब! आता हलवू नका!"

आणि वरून सेक्रेटरींचा आवाज, "तिथंच घट्ट बांध रे!"

घामाघूम होऊन मंडळी खाली आली. सेक्रेटरींनी मिस्त्रीची पाठ थोपटली. मी अँटेनाच्या वायरचं टोक त्यांच्यापुढे धरलं. "ही बघा. अँटेना टीव्हीला लावलेलीच नाही. ती माझ्या हातात आहे."

त्यांनी वायरकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, "निसटली वाटतं. लावून ठेवा बाई, नाहीतर चित्र जाईल."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बैठकीत ठरलं की यंत्र उत्तम आहे, पण मुलींच्या शाळेची इमारत एकमजली. कॉलेज तीन मजली. तिथल्या गच्चीवरून चित्र आणखी स्वच्छ येईल. मी तरातरा सेक्रेटरींकडे गेले. चित्र दाखवलं तर यंत्र आमचं, हे त्यांचे स्वतःचे शब्द होते. "यात तुमचा काहीच दोष नाही, बाई," ते अगदी मायेनं म्हणाले, "इमारतच ठेंगणी, त्याला काय करणार?" नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे माझ्या मुली नाचून दाखवत होत्या, तरी अंगण वाकडंच ठरलं.

यंत्र हातगाडीवरून कॉलेजात गेलं त्या दुपारी मला दहावीचा तास होता. मी वर्गात शिरले तर ती उंच मुलगी उभी राहिली. तिचे वडील गिरणीत कामाला होते. सोडलेली वायर तिनं जवळून पाहिली होती, बारा गुणिले बारा तिच्याच बोटांनी झाले होते.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या गिरणीची चिमणी कॉलेजापेक्षा लई उंच हाय की. तितं अँटिना बांदली तर मशीन परत देतील का आपल्याला?"

संतापानं ओरडावंसं फार वाटलं, पण तिच्यावर कशी ओरडणार? ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं, ते सगळे त्या वेळी कॉलेजच्या गच्चीवर होते.