चेष्टा

गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा पडण्याच्या भीतीने खुर्चीतून उठतच नव्हते. समोरची फिजिओथेरपिस्ट बंगालची, लग्न होऊन नुकतीच साताऱ्यात आलेली. नोकरीचा पहिलाच आठवडा. ती म्हणाली, “आजोबा, उठायची चेष्टा करा ना.”

“चेष्टा? ती या गुडघ्यानं केलीच आहे माझी, पोरी.”

दवाखान्यातले सगळे हसले. ती गोरीमोरी झाली. “आमच्याकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न,” तिने हळूच सांगितलं.

एकच शब्द तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा कसा झाला असेल? पहिलावहिला प्रयत्न बघणाऱ्याला थट्टेचाच विषय वाटतो, म्हणून? आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“बरं, तू मराठीची चेष्टा कर, मी चालायची करतो,” असं म्हणून आजोबा उभे राहिले.