जिभेला चिकटलेला दगड

निजामाचं राज्य संपत आलं होतं आणि औशाकडच्या गावांवर धाडी पडू लागल्या होत्या. आमच्या गावात प्रत्येक घराच्या सपाट माळवदावर गोफणीसाठी दगड रचून ठेवलेले असत. मी आणि सासूबाई नदीकाठावरून पाट्या भरून दगड आणायचो.

एकदा माळवदावर ते रचताना माझ्या हाताला मुठीएवढा, आत बारीक जाळी असलेला तुकडा लागला. हाडच वाटलं. नदीतून तेव्हा काय काय वाहून यायचं, ते कुणी बोलत नसे.

हैदराबादचं कॉलेज बंद पडल्यामुळे घरी आलेले माझे दीर म्हणाले, "वहिनी, जिभेला लावून बघा. दगड असला तर सुटून येतो. जुनं हाड असलं तर चिकटतं."

शिसारी आली, पण न कळण्याची भीती त्याहून मोठी होती. मी जीभ लावली. तुकडा चिकटला.

"माणसाचं न्हाई," दीर घाईघाईनं म्हणाले. "लई जड हाय. हजारो वर्षं मातीत राहून दगड झालेलं हत्तीबित्तीचं हाड हाय हे."

"हाड ते हाडच," सासूबाई म्हणाल्या. "फेक रे ते नदीत. अन् तू आंघोळ केल्याबिगर चुलीला शिवू नको."

मी पाणी काढायला उठले, तेवढ्यात लांब वाटेवर धूळ दिसली. सासूबाईंनी गोफण खांद्यावर टाकली, पदराचा ओचा केला आणि त्यात दगड भरायला घेतले. पहिलं त्यांनी ते हाडच उचललं.