हौश्याचं हिरवं शिंग

अकोल्याहून निघताना केतकीनं, माझ्या लेकीनं, पिशवीत चिवड्याचा डबा ठेवला आणि सोबत एक काम दिलं. "बाबा, साखरपुड्याआधी त्यांना सांगून टाका. अमोलला मी सांगितलंय. पण त्याच्या आईवडिलांना तुम्ही सांगितलेलं बरं."

काम दोन वाक्यांचं होतं. मला जन्मापासून लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. केतकीला दिसतो, पण उद्या तिला मुलगा झाला तर त्याच्यात हे उतरू शकतं. नोकरीची सगळी वर्षं मी ही गोष्ट ऑफिसात कुणाला कळू दिली नव्हती. आता ती सांगून लेकीचं ठरत आलेलं लग्न मोडलं तर, या विचारानं गाडीत झोप लागली नाही.

पुण्याहून एसटीनं नसरापूर आणि तिथून वेल्ह्याच्या बाजूची जीप. शेजारची बाई खाचरांकडे (भाताच्या शेतांकडे) बघत म्हणाली, "लई हिरवंगार झालंय औंदा." मीही मान हलवली. मला ती खाचरं वाळल्या गवताच्या रंगाची दिसत होती. पण त्यांतलं चमकणारं पाणी, बांधांच्या वळत गेलेल्या रेषा आणि ढगात डोकं खुपसून बसलेला राजगड हे सगळं इतकं देखणं होतं, की मला कशाचीच उणीव भासली नाही.

पालीत शंकरराव, अमोलचे वडील, छत्री घेऊन रस्त्यावर उभे होते. "या पावणं. बेंदराला आलात, ब्येस झालं." बेंदूर म्हणजे इकडचा बैलपोळा. आमचा पोळा श्रावण सरताना, यांचा आषाढातच उरकतो.

जेवताना सांगू, असं मी ठरवलं होतं. ताटात इंद्रायणीचा भात आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा आला. खेकडा कुठून धरायचा हेच मला उमगेना, तेव्हा शंकररावांनी एक नांगी दाताखाली फोडून दाखवली. तोंडात नांगी असताना असलं काही सांगता येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तृप्त होऊन झोपलो.

सकाळी गुलब्या आणि हौश्या ही बैलजोडी धुवून अंगणात उभी होती. शिंगं तासून गुळगुळीत केलेली. शंकररावांनी माझ्या हाती ब्रश दिला. "औंदा शिंगं रंगवायचा मान तुमचा. चारी लाल करा. हिरव्याचं ठिपकं म्या मागनं देतो." लाल कुठला, हिरवा कुठला ते बोटानं दाखवत दोन डबे ठेवून ते झूल आणायला आत गेले.

कुठला डबा कुठला, हे मी आधी त्यांच्या बोटाकडे बघून लक्षात ठेवलं होतं. आमची ही जुनी युक्ती. तीन शिंगं झाली. मग हौश्यानं मान झटकली, डबे कलंडता कलंडता राहिले आणि मी घाईनं ते उचलून पलीकडे ठेवले. युक्ती तिथंच बुडाली. आत हाक मारून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण विचारलं नाही. चौथं शिंग अगदी मन लावून रंगवलं.

वहिनी, अमोलची आई, पुरणपोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. "आवो, ह्ये एक शिंग हिरवं का क्येलं?"

झूल घेऊन शंकररावही आले. आता पळायला जागा नव्हती. मी दोन्ही वाक्यं सांगून टाकली, आणि तिसरंही. "तुमच्या नातवाला असं होऊ शकतं. विचार करून काय ते सांगा."

शंकररावांनी झूल बाजूला ठेवली. मग म्हणाले, "भात पिकल्यालं वळखू यील का त्याला?"

"रंगावरून कठीण. दाणा दाताखाली धरला की कळेल."

"ते तर आमी बी तसंच बगतो." त्यांनी हौश्याच्या पाठीवर हात ठेवला. "आन ह्याला कसं दिसतं?"

"जवळजवळ माझ्यासारखंच. बैल लाल रंगाला बुजतो म्हणतात, ते खरं नाही. तो हलणाऱ्या फडक्याला बुजतो."

वहिनींनी हळूच विचारलं, "डोळं दुखत्यात का?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून त्यांनी बैलांना ओवाळायला घेतलं.

रंग पुसून देतो, असं मी दोनदा म्हणालो. शंकररावांनी सरळ झुली चढवल्या, गोंडे बांधले आणि दोन्ही कासरे धरून ते मारुतीच्या देवळाकडे निघाले. मी खालमानेनं मागून चाललो. देवळापाशी सगळ्या गावाचे बैल जमले होते. एकजण हसून म्हणाला, "शंकरनाना, रंग सरला व्हय?"

"न्हाई," शंकरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या व्याह्यांनी रंगवलंय. ऱ्हाऊ द्या तसंच."

कालपासून मी पावणा होतो. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीतून केतकीला फोन लावला. "सांगितलंत?" तिनं विचारलं. "सांगितलं. साखरपुड्याची तारीख ते काढणार आहेत," म्हणालो. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. राजगड मागे पडला. पालीच्या त्या घराचे आभार कसे मानावेत, हे मला अजून सुचलेलं नाही.

नखांत रंग राहिला होता. शेजारी एक आजोबा बसले होते. मी हात त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "हा रंग कोणता हो? मला लाल-हिरवं कळत नाही."

अनोळखी माणसाला हे मी जन्मात पहिल्यांदाच विचारत होतो. आजोबांनी चष्मा सारखा करून एकेक बोट नीट पाहिलं आणि सांगितलं.